नमुना निघतो कोठून, पोचतो कोठे



रुग्णालयातील प्रयोगशाळा एका रुग्णाचे निदान करते. सार्वजनिक प्रयोगशाळा विहीर, नळ, डास, सांडपाणी आणि अनेक रुग्णांचे रक्तजल एकत्र तपासून सबंध वस्तीचे निदान करते. या फरकामुळे तिचे काम तिच्या उंबरठ्याबाहेर सुरू होते आणि उंबरठ्याबाहेरच पुरे होते. तरीही नमुना कोणी व कसा घेतला आणि अहवाल कोणाच्या हाती कधी पडला, हे प्रश्न कारकुनी समजून बाजूला सारण्याची सवय या व्यवसायाला जडली आहे, आणि प्रस्तुत भाषणाचा रोख त्या सवयीवर आहे.

मुंबईच्या मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत प्लेगच्या मारलेल्या जंतूंपासून लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात ती प्रयोगशाळा उभी राहिली जिला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे, हा इतिहास येथे सर्वांस ठाऊक आहे. त्या मानाने मुलकोवालचे नाव कमी घेतले जाते. पंजाबातील या गावी १९०२ च्या ऑक्टोबरात लस टोचून घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले आणि त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे विचारात घेतले गेले, रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. जंतू बाटलीत परळला शिरला की गावात, एवढ्या एका प्रश्नाचा निकाल लागायला पाच वर्षे गेली.

हाच प्रश्न आजच्या जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत रोज, अधिक साध्या रूपात उभा असतो. पाण्यात कोलिफॉर्म जंतू शोधतात, ते स्वतः फार घातक असतात म्हणून नव्हे, तर त्यांतील ई. कोलाय हा माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहणारा असल्याने तो आढळला की पाण्यात विष्ठा मिसळल्याचा पुरावा मिळतो म्हणून. आणि पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात तो मुळीच असू नये, असे भारतीय मानक सांगते. आता क्लोरीन घातलेल्या पाण्याचा नमुना घेताना बाटलीत सोडियम थायोसल्फेट हे क्लोरीनचा परिणाम थांबवणारे द्रव्य नसेल, तर क्लोरीन वाटेतही जंतू मारीत राहतो आणि नळाशी दूषित असलेले पाणी प्रयोगशाळेत निर्मळ ठरते. उपकरण लाखाचे आणि चूक चिमूटभर द्रव्याची! गावात टीसीएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्लीचिंग पावडरची गतही अशीच आहे. ग्रामपंचायतीच्या दमट खोलीत पोते उघडे राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो, आणि जलसुरक्षक नेमाने जे पाण्यात टाकतो तो बहुतांशी चुना असतो.

प्रयोगशाळेचे साठवणीचे काम याहूनही दुर्लक्षित आहे. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेतून पाणी उचलण्याच्या ठिकाणी सांडपाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती कोणत्या विषाणूची, हे तेव्हाच्या कसोट्यांना सांगता येण्याजोगे नव्हते. मात्र रुग्णांचे रक्तजल गोठवून ठेवलेले होते, आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या खोरशेद पावरी यांचाही सहभाग होता, त्यात ही कावीळ अ किंवा ब यांपैकी कोणत्याही प्रकारची नसल्याचे दिसले. पुढे हेपेटायटिस ई या नावाने परिचित झालेल्या रोगाची ओळख अशा जपलेल्या कुप्यांतून पटली. त्या शीतपेटीचे वीजबिल पंचवीस वर्षे भरणाऱ्या कोणा कारकुनाचे नाव शोधनिबंधात येत नाही, हे ओघाने सांगावेसे वाटते.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात गिलाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटून हातपाय लुळे पडण्याच्या विकाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला व लक्ष पाण्याकडे वळले. येथे प्रयोगशाळेने आपले काम केले. परंतु हातपाय लुळे पडण्याच्या आधी जुलाब होतात, जुलाबाच्याही आधी पाणी बिघडते, आणि त्या पहिल्या पायरीवरचा अहवाल नळ बंद करण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत त्याच दिवशी पोचावा यासाठी नवे यंत्र लागत नाही. पाण्याच्या अहवालाच्या छापील नमुन्यात जंतूंच्या संख्येखाली तीन रकाने वाढवावेत, असे या अधिवेशनापुढे सुचवावेसे वाटते: नमुना घेतल्याची वेळ, ज्याला निकाल फोनवर कळवला त्याचे पदनाम, आणि त्याने त्यानंतर काय केले.