रस्ता सगळ्यांचा आहे
(तालुका बैठकीत केलेले भाषण)



आपण आजवर लायसन-परमिट राजाविरुद्ध बोलत आलो. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि राजुरा-कोरपन्याच्या शेतकऱ्याला आपला कापूस शेजारच्या आदिलाबादच्या बाजारात नेण्याची चोरी झाली. त्या बंदीविरुद्ध आपण भांडलो. आणि आज मी तुम्हाला सांगायला उभा आहे, की गाडी चालवायचे लायसन काढा. हे कसे काय, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. माझा माल मी कोणाला विकावा यात सरकारने पडायचे कारण नाही. पण माझ्या ट्रॅक्टरपुढून दुसऱ्याचे पोर शाळेत जाते, तेव्हा मला ट्रॅक्टर चालवता येतो की नाही, हे विचारण्याचा त्याच्या आईबापाला पूर्ण हक्क आहे. धुऱ्याच्या आत शेत माझे, रस्ता सगळ्यांचा.

आपले रस्ते कसे आहेत ते तुम्ही जाणता. सुरजागडचे लोहखनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टीवरून घुग्घुसकडे येते. गडचांदूरकडे सिमेंटचे ट्रक, बल्लारपूर-भद्रावतीकडे कोळशाचे. त्याच रस्त्यावर आपली बैलबंडी, मोटरसायकल आणि कापसाची ट्रॉली. जादा माल भरून भरधाव जाणाऱ्या ट्रकांबद्दल जाब विचारायचाच आहे. पण आपली ट्रॉली रात्री दिव्याविना रस्त्यात उभी असेल, तर जाब विचारायला आपण कोणत्या तोंडाने जाणार?

ट्रॅक्टरच्या कर्जाला बँक सातबारा मागते, जमीन गहाण घेते. चालवणार कोण आणि त्याला शिकवले कोणी, हे कोणी विचारीत नाही. मग पोरगा शेतातच शिकतो आणि तसाच डांबरी रस्त्यावर येतो. शेतातली रीत रस्त्यावर घात करते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायदान असतात. शेतात वळताना एकच दाबतात, ते बरोबर आहे. रस्त्यावर वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जाऊन उलटतो. म्हणून रस्त्याला लागण्याआधी दोन्ही पायदाने खिटीने जोडून घ्या. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर सगळा भार ट्रॅक्टरला मागून ढकलतो. तिथे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारा आपला जीव पणाला लावतो. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोरची बंडी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते. म्हणून ट्रॉलीला आणि बंडीला मागून लाल रेडियम पट्टी लावा.

ट्रॅक्टरवर बसायची जागा एकट्या चालकाची. मडगार्डवर पोरे, हुकावर गडी आणि कापूस वेचायला निघालेल्या पंधरा-वीस बाया ट्रॉलीत, हे बंद झाले पाहिजे. शेतीकामाच्या विम्यात ही माणसे धरलेली नसतात. बिनलायसनी माणसाच्या हाती मालकाने जाणूनबुजून गाडी दिली, तर मृताच्या घरच्यांना दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे जमीन पुन्हा गहाण.

१८ वर्षांखालच्या पोराने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर २ लाख रुपये देणारी सरकारी योजना आहे. तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव आहे. ते स्वतः ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात गेले. देशाचा मंत्रीसुद्धा रस्त्यावर सुटत नाही. या योजनेत, मेलेला शेतकरी स्वतः गाडी चालवीत असेल तर त्याचे लायसन मागतात. ते नसेल तर विधवेने कितीही खेटे घातले तरी प्रकरण अडते.

आता सरकारचा हिशेब. शिकाऊ लायसन २०२१ पासून घरबसल्या निघते, पण पक्क्यासाठी परीक्षा द्यावीच लागते. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. मजुरी बुडवून तिथे कोण जाणार? म्हणून दलाल पोसले जातात आणि न शिकलेल्याला कागद मिळतो. आपली मागणी अशी: परीक्षेचे शिबिर दर महिन्याला प्रत्येक तालुक्यात ठरल्या दिवशी व्हावे, ट्रॅक्टरची परीक्षा ट्रॉली जोडून घ्यावी आणि शिकवणी मराठीबरोबर गोंडी, माडिया आणि तेलुगूतही असावी.

तोवर थांबू नका. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने यादी आणावी: ट्रॅक्टर किती, चालवणारे किती, लायसन किती जणांकडे. आणि मायबहिणींनो, दारू प्यायलेल्याच्या किंवा कोवळ्या पोराच्या हाती चावी जाऊ देऊ नका. घरधनी रागावला तरी चालेल, पण चावी आपल्यापाशीच ठेवा.