एका पैची चूक



छत्रपती संभाजीनगरात ध्यानयोगावर बोलायचं, तर दौलताबादला वळसा घालून पुढे जाता येत नाही. सोळाव्या शतकात तिथल्या देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी अधिकारी होते. पैठणचा एकनाथ लहान वयात त्यांच्याकडे आला आणि त्यांच्या सेवेत राहिला. जमाखर्च लिहिणं हेही त्याचं काम.

एका रात्री हिशेबात एका पैची तफावत आली. समईत तेल घालावं, वात पुढे सारावी आणि रकमा पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहाव्यात, असं करत रात्र सरली. चूक सापडली तेव्हा एकनाथाने आनंदाने टाळी वाजवली. गुरू केव्हाचे पाहत उभे आहेत, याचा त्याला पत्ताच नव्हता. एका पैसाठी इतकं देहभान हरपतं, मग हेच चित्त भगवंताकडे लागलं तर, असं स्वामी म्हणाले. परंपरा सांगते की पुढे त्यांनी त्याला शूलिभंजनच्या डोंगरावर अनुष्ठानाला धाडलं.

ही कथा आपण शाळेत ऐकली आणि एकाग्रतेचा धडा म्हणून मागे टाकली. मला मात्र ती योगशास्त्राची कथा वाटते. धारणा त्या रात्री होती, ध्यानही होतं. विषय तेवढा पैचा होता. गुरूंनी नवी विद्या दिली नाही, विषय बदलला.

एकनाथांच्या पैठणजवळच, गोदाकाठी, आपेगाव आहे. ज्ञानदेवांचं घराणं तिथलं. 1290 साली नेवाशात त्यांनी गीतेवरची टीका, म्हणजे ज्ञानेश्वरी, सांगितली. सहाव्या अध्यायात आसन, बंध, कुंडलिनीची जाग आणि शेवटी प्राणाचं शून्यात विरून जाणं, हे सारं त्यांनी असं उभं केलं आहे की वाचताना आपलाच श्वास मंदावतो. नाथपंथात गुरूकडून शिष्याच्या कानात जाणारी ही गोष्ट त्यांनी मराठीत, सगळ्यांसमोर ठेवली. मराठीवर केवढा हा विश्वास! आणि बाराव्या अध्यायात त्यांनीच सांगितलं की हा अवघड चढ न चढताही भक्त तिथेच पोचतो. यात योगाला कमी लेखलेलं आहे, असं मला वाटत नाही. योग म्हणजे जोडणं. जोडणारा वेगळा उरला, तर जोड अपुरीच राहिली. तो वेगळेपणा कुणाचा प्राणायामाने गळतो, कुणाचा नामाने.

एकनाथांचा कसा गळला? जवळजवळ तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या नकलांमध्ये अपपाठ शिरले होते. नाथांनी निरनिराळ्या प्रती मिळवल्या, ओवीला ओवी लावून पाहिली आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. माझ्या डोळ्यांपुढे येते ती पुन्हा तीच समई. आता समोर हिशेबाची वही नाही, पोथी आहे. घसरलेली मात्रा, बदललेला शब्द हुडकणारी नजर मात्र तीच आहे. पै आणि देव हे दोन विषय इथे एक झाले. आम्ही लिहिणारी माणसं ध्यानासाठी निवांत जागा शोधत फिरतो; नाथांना ती नऊ हजार ओव्यांच्या मधोमध सापडली.

नाथ स्वतः थोर कवी होते. एखादी ओवी आपली घालणं त्यांना काय अवघड होतं? त्यांनी मूळ ग्रंथात एकही मिसळली नाही, आणि पुढे कुणी मिसळू नये म्हणून शेवटी बजावून ठेवलं.