जखम आणि विसर



मनाला जखम झालेल्या माणसाला आपण सारे एकच औषध सांगतो : झाले गेले विसरून जा. ख्रिस्ती मंडळीत त्याला पुस्ती जोडतात : क्षमा कर. दुखावलेला माणूस मग गप्प बसतो, आणि गप्प बसला म्हणजे बरा झाला, असे आपण समजतो. बायबलाचा निर्वाळा मात्र निराळा आहे. त्यासाठी आम्ही योसेफाची कथा आपल्यापुढे ठेवतो.

योसेफ १७ वर्षांचा असताना भावांनीच त्याला २० शेकेल चांदीला विकले. गुलाम म्हणून तो मिसर देशात गेला, निरपराध असून तुरुंगात पडला आणि ३० व्या वर्षी तेथला मुख्य कारभारी झाला. पहिल्या मुलाचे नाव त्याने मनश्शे ठेवले. म्हणजे विसर पाडणारा. पुढे दुष्काळ पडला, तेच भाऊ धान्यासाठी दारी आले, आणि सारे विसरलेला हा माणूस आडोशाला जाऊन रडला. एकदा नव्हे, अनेकदा रडला.

त्याने भावांना लगेच कवटाळलेही नाही. आधी त्यांना पारखले. ज्या यहूदाने त्याला विकण्याची मसलत दिली होती, तोच धाकट्या बन्यामीनाऐवजी स्वतः गुलाम व्हायला सिद्ध झाला, तेव्हा कोठे योसेफाने ओळख दिली. ओळख देतानाही, तुम्ही मला विकले, हे त्याने स्पष्ट सांगितले. क्षमा म्हणजे अन्यायावर पांघरूण नव्हे. अन्यायाला अन्याय म्हणून सूड सोडणे, ही क्षमा. आणि जुलूम अजून चालू असेल, तर तेथून दूर होणे हे क्षमेच्या आड येत नाही.

ख्रिस्ताच्या पुनरुत्थित देहावरही खिळ्यांचे व्रण होते, असे शुभवर्तमान सांगते. बरे होणे म्हणजे व्रण पुसणे नव्हे. व्रणाची सत्ता संपणे होय. आपल्या पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या. त्यांचे दुःख विसरले गेले नव्हते. ते कामाला लागले होते.

म्हणून आमची विनंती एवढीच, की दुखावलेल्या माणसाला उपदेश करण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे, त्याला रडू द्यावे. झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर त्याला वैद्याकडे न्यावे. त्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. क्षमेची घाई मात्र आपण करू नये. योसेफाला ओळख देण्यास २० हून अधिक वर्षे लागली होती.