तक्रार केली की हिशोब फिरतो

(भट्टीवर निघण्याआधी, दसऱ्यानंतर झालेल्या मेळाव्यात आपल्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. पाड्यापाड्यावर वाचून दाखवावं.)



आता भात कापून होईल, दिवाळी होईल, आणि मुकादम पाड्यावर फेऱ्या मारायला लागतील. काही घरांत ते आधीच येऊन गेलेत. एकदा उचल घेतली की पाऊस पडेपर्यंत आपण भट्टीला बांधलेले. म्हणून जायच्या आधी आज हे बोलायचं आहे.

हा विषय बाया पाण्यावर बोलतात, सभेत बोलत नाहीत. भट्टीवर शेठ असेल, त्याचा पोरगा असेल, मुनीम, ट्रॅक्टरवाला, नाहीतर आपलाच मुकादम. यातला कोणी बाईच्या अंगाला हात लावतो, घाण बोलतो, रात्री खोपटाशी येऊन खाकरतो. हे होतं हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्याच्या पुढचं बोलणार आहे. बाईने तोंड उघडलं तर काय होतं, आणि तेव्हा आपण काय करायचं?

गेल्या साली आपल्याच भागातल्या एका जोडीचं झालं ते सांगते. बाईचं, पाड्याचं, भट्टीचं नाव घेणार नाही. तिथला मुनीम खर्ची द्यायला बाईलाच एकटीला बोलवायचा. एकदा त्याने हात धरला. तिने मुकादमाला सांगितलं, मग शेठला सांगितलं. शेठ म्हणाला, "बघतो." पुढच्या आठवड्याला खर्ची निम्मी आली. मग विटा मोजताना तिच्याच विटा वाकड्या, तिच्याच फुटलेल्या. मग नवऱ्याला बोलावून सांगितलं, तुझी बायको नीट नाय, तिला सांभाळ. मग ट्रॅक्टरमधलं डिझेल चोरल्याचा आळ. शेवटी हिशोबाला बसले तर उचल फिटलीच नाही, उलट अंगावर बाकी निघाली. आणि दुसऱ्या भट्टीवाल्यांना निरोप गेला की ही जोडी भांडखोर आहे, घेऊ नका.

कोणी तिला मारलं नाही. कामावरून काढलं असंही कोणी म्हटलं नाही. सगळा सूड वहीतून घेतला. म्हणून तो लोकांना दिसलाच नाही. लोक म्हणाले, कमी विटा पाडल्या असतील.

हे असं का जमतं? भट्टीवर हजार विटांमागे दर असतो आणि तो जोडीला मिळतो. बाई पहाटे उठून गारा करते, विटा उचलते, पण तिची मजुरी वहीत वेगळी लिहिलेली नसते. त्यामुळे तिच्यावर काढलेला राग नवऱ्याच्या आणि पोरांच्या पोटावर येतो. मग पहिलं भांडण खोपटातच होतं. "तू गप राहिली असतीस तर खर्ची तरी मिळाली असती." भावांनो, हे वाक्य तुमच्यातल्या किती जणांनी म्हटलंय ते मी विचारत नाही. एवढंच सांगते की शेठला तेच पाहिजे असतं. नवरा-बायको भांडली की त्याला काही करायला लागत नाही, तक्रार आपोआप मरते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका.

कामाच्या ठिकाणी बाईच्या छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. तो फक्त ऑफिसातल्या बायांसाठी नाही. वीटभट्टी, शेत, बांधकाम सगळं त्यात येतं. रोजावरची बाई येते, मुकादमामार्फत गेलेली बाईही येते. दहा किंवा जास्त कामगार असतील तर मालकाने चौकशीची समिती नेमायची. नेमली नाही तर त्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कामगार दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिथे पोचायला तालुक्याला एक नोडल अधिकारी असतो. त्याने आपली तक्रार सात दिवसांत पुढे पाठवायची आहे. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची, असंही कायद्यातच आहे.

यातल्या चार गोष्टी नीट लक्षात ठेवा.

पहिली, मुदत. झालं त्या दिवसापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची. कारण लेखी पटवलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. आपल्या बाया काय करतात? पौषात झालेलं मनात ठेवतात, हिशोब हातात पडू दे मग बोलू म्हणतात. हिशोब होतो वैशाखात. तोवर पहिले तीन महिने गेलेले असतात. तरी तशीच बसू नका. मजुरी अडकली होती, शेठच्या ताब्यात होतो, हेच उशिराचं कारण म्हणून लिहा. आणि ही मुदत समितीची आहे. पोलिसात जायला ती लागू नाही.

दुसरी, सूड हासुद्धा छळ आहे. कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे की छळाला जोडून कामाची धमकी दिली, कामात अडथळे आणले, वाईट वागवलं, अपमान केला, तर तोही लैंगिक छळ धरता येतो. म्हणून तक्रारीत "मुनीमाने हात धरला" एवढंच लिहून थांबू नका. कोणत्या दिवसापासून खर्ची कापली, किती विटा बाद केल्या, कोणासमोर आळ घेतला, सगळं तारखेने लिहा.

तिसरी, मिटवामिटवी. मुकादम म्हणेल, पाच हजार घे आणि सोडून दे. समितीपुढे समझोता फक्त बाईने स्वतः मागितला तरच होतो, आणि तेव्हाही पैशावर समझोता करायला बंदी आहे.

चौथी, खोट्या तक्रारीची भीती. शेठ सांगेल, सिद्ध झालं नाही तर तूच आत जाशील. तसं नाही. पुरावा देता आला नाही एवढ्यावर तक्रार खोटी ठरत नाही.

अंगाला हात लावणं हा पोलिसातला गुन्हाही आहे. भट्टी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी जवळच्या कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, आणि खबरीची प्रत फुकट मिळते. ठाणेदार घेत नसेल तर लेखी खबर टपालाने जिल्हा पोलीस प्रमुखाला पाठवा, पावती जपा. करणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. त्यात २०१५ साली सुधारणा होऊन आदिवासीवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, तशी धमकी देणं हाही गुन्हा झाला. "या जोडीला कोणी काम देऊ नका" हा निरोप त्यात बसू शकतो. करणारा आपलाच मुकादम असेल तर हा कायदा लागत नाही, पण बाकीचे लागतात. जातभाई म्हणून त्याला सोडू नका.

आणि उचल. उचल अंगावर आहे म्हणून भट्टी सोडू देत नसतील, तर ती वेठबिगारी आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. तसं कर्ज फेडावं लागत नाही. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर आहे, आपल्यावर नाही. अर्ज तहसीलदाराकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे करायचा.

कायदा आहे म्हणून काम होतंच असं समजू नका. राजस्थानात भटेरी गावची भंवरी देवी सरकारच्या कामावर साथिन होती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर बलात्कार झाला. गावाने तिला वाळीत टाकलं. खालच्या कोर्टाने १९९५ ला आरोपी सोडले. पण तिच्यामागे बायांच्या संघटना उभ्या राहिल्या, सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १९९७ साली विशाखा निकाल लागला. आजचा कायदा त्यातून आला. बायांनो, तिला तिच्या गावाने साथ दिली नाही. आपल्या पाड्याने काय करायचं ते आज ठरवू.

मी असं मांडते. एका पाड्यावरच्या चार-पाच जोड्यांनी एकाच भट्टीवर जायचं, सुटं जायचं नाही. उचल किती घेतली, दर काय ठरला, ते संघटनेच्या वहीत लिहून जायचं. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. प्रत्येक जोडीने आपली वही ठेवायची. रोज किती विटा पाडल्या, खर्ची किती मिळाली, रात्री लिहायचं. मोबाईल असेल त्याने आठवड्याला पानाचा फोटो काढून गावाकडे पाठवायचा. शेठची वही फिरली तर आपली वही दाखवायला पाहिजे. खर्ची घ्यायला बाईने एकटं जायचं नाही, नवऱ्याने किंवा दुसऱ्या बाईने सोबत जायचं. कोणा बाईला त्रास झाला तर सगळ्या जोड्यांनी मिळून शेठसमोर उभं राहायचं. एकीची खर्ची कापता येते, पाच जोड्यांनी हात थांबवले तर भट्टी थांबते.

आणि ती जोडी परत आली तर पाड्याने विचारायचं नाही की बाईनेच काय केलं असेल. तिच्या घरात दाणे आहेत का ते बघायचं. तिच्यासाठी रोजगार हमीचा अर्ज त्याच दिवशी भरायचा, तारखेची पोच घ्यायची. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागायचा.

शेवटचं. कोणी म्हणेल, जमिनीच्या संघटनेत हे कशाला? ज्या घराचा प्लॉट कसतो, दोन पिकं निघतात, ते घर उचल कमी घेतं, आणि त्या घरची बाई शेठला नाही म्हणू शकते. वनहक्काच्या २००६ च्या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा आहे. तुमच्या दाव्यात बायकोचं नाव आहे का, ते आज घरी जायच्या आधी वनहक्क समितीकडे बघून जा. तक्रार करणाऱ्या बाईला परत यायला स्वतःच्या नावाची जमीन पाहिजे.

वह्या आणून ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक जोडीने एक घेऊन जा.

जिंदाबाद!