कुंडीतील वृक्ष : दिल्लीकरांनी कोणता निवडावा?



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानांत साहित्य, नाट्य, समाजकार्य असे भारदस्त विषय इतरांनी घेतले आणि आमच्या वाट्यास कुंडी आली. विषय लहान खरा. परंतु अंगणाची सरकारी घरे सोडून द्वारका, नॉएडा, गुरुग्राम येथील सदनिकांत राहावयास गेलेल्या आपल्या कुटुंबांना झाडाची हौस भागविण्यास आता कुंडीवाचून दुसरी जागा उरलेली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्साहाने आणलेली किती झाडे जूनअखेर वाळून जातात, हे आपण दर वर्षी पाहतो. पैसे जातात ते जातातच. शिवाय ‘दिल्लीत झाड जगत नाही’ असा ग्रह करून घेऊन मनुष्य पुन्हा त्या वाटेस जात नाही, हे अधिक वाईट. वस्तुतः यांतील बहुतेक झाडांचे भवितव्य ती निवडली त्याच क्षणी ठरून गेलेले असते. म्हणून निवड कशी करावी, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

प्रथम येथील हवेचा विचार करू. सफदरजंग वेधशाळेत १ जानेवारी २०२१ रोजी किमान तापमान १.१ अंश सेल्सियस नोंदले गेले आणि २९ मे २०२४ रोजी कमाल ४६.८ अंश. पंचेचाळीस अंशांचा हा फरक एकाच झाडाने सोसावयाचा आहे. जमिनीतील वृक्षाची मुळे खोल ओलाव्यात निवांत असतात; कुंडीतील मुळांभोवती मात्र वीतभर मातीच काय ती असते. लू वाहू लागली म्हणजे ती माती दिवसभरात कोरडी पडते आणि पौषातल्या धुक्यात आठ-आठ दिवस ओलीच राहते. त्यातच अनेक वसाहतींत कूपनलिकेचे जड, क्षारयुक्त पाणी येते.

आता आपल्या मनातील झाडे पाहू. कोकणातून आलेल्या घराला सुरंगी हवी असते, पुणेकरांना सोनचाफा हवा असतो. या आवडीस आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु सुरंगी ही दमट हवेची लेक. तिला लूच्या झळांत उभे करणे हा तिच्यावर अन्याय होय. सोनचाफ्यास किंचित आम्ल, निचऱ्याची माती लागते. जड पाण्याने त्याची पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. खऱ्या सीताअशोकाचीही पाने कोरड्या वाऱ्याने कडांशी करपतात. ही झाडे दिल्लीत अशक्य आहेत असे नव्हे. पण त्यांच्या सेवेस रोज हजर राहणारा मनुष्य घरात पाहिजे. आणखी एक सावधगिरी : रोपवाटिकेत ‘अशोक’ म्हणून जे सरळसोट झाड पुढे करतात, तो बहुधा आसुपालव असतो. तो उंच वाढतो व कुंडीत शेंडाजड होऊन मे महिन्यातील पहिल्याच आंधीत आडवा होतो.

मग स्मरणाचे झाड घेऊच नये काय? अवश्य घ्यावे; मात्र गावाकडचे आणि दिल्लीचे, अशा दोन्ही ठिकाणी रुळलेले घ्यावे. अशी झाडे पुष्कळ आहेत, केवळ त्यांची येथील नावे आपणांस ठाऊक नसतात. ‘बकुळ’ म्हणून विचारले तर येथील माळी मान हलवितो. ‘मौलसिरी’ म्हटले की तत्काळ रोप आणून ठेवतो. ही बकुळ आमच्या मते दिल्लीच्या कुंडीस सर्वांत योग्य. ती सदाहरित, सावकाश वाढणारी, छाटणी सोसणारी असून तिची फुले सुकल्यावरही गंध सोडीत नाहीत. प्राजक्त येथे ‘हरसिंगार’ या नावाने मिळतो. शरदात त्याचा सडा पडतो आणि बहर ओसरल्यावर फांद्या आखूड केल्यास तो आटोपशीर राहतो. कुंतीस येथे ‘कामिनी’ म्हणतात. ती कढीलिंबाची नातलग असून पावसाळ्यात तिचा सुगंध रात्री सज्जाभर दरवळतो. बुटक्या जातीचे डाळिंब केशरी-तांबड्या फुलांनी शोभते आणि थंडी-ऊन दोन्ही सोसते.

पांढऱ्या चाफ्याबद्दल दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. थंडीत तो पाने टाकतो. मालक घाबरून पाणी वाढवितो आणि खोड बुंध्याशी कुजते. निष्पर्ण चाफ्यास डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ पाणी देऊच नये; उन्हाळा लागताच तो आपण होऊन पालवतो. अडेनियमचेही तसेच. कण्हेर कणखर आहे, परंतु तिचे सर्वांग विषारी; लहान मुले असलेल्या घरी ती न ठेवणे बरे.

झाड निवडण्यापूर्वी सज्जाची दिशा पाहावी. दिल्ली सुमारे साडेअठ्ठावीस अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरअखेर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ३८ अंश वर येतो आणि जूनमध्ये सुमारे ८५ अंश. याचा अर्थ असा की, दक्षिणेच्या सज्जात हिवाळ्याचे ऊन आतपर्यंत शिरते व उन्हाळ्यात वरच्या मजल्याचा सज्जा दुपारी सावली धरतो. कुंडीतील वृक्षास याहून उत्तम जागा नाही. बकुळ, डाळिंब, प्राजक्त तेथे ठेवावेत. पूर्वेस कुंती व कागदी लिंबू सुखाने राहतात. पश्चिमेचे ऊन निर्दय असते. तेथे चाफा आणि अडेनियम यांनाच पाठवावे. उत्तरेस हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही. तेथे फुलांची आशा न धरता रबराचे झाड वा तत्सम पानांची शोभा पत्करावी.

कुंडी मातीची असावी. तिच्या अंगातून पाणी झिरपून मुळे थंड राहतात. मोठी सोळा इंची कुंडी ओल्या मातीसह ४०-५० किलो भरते, हे ध्यानात ठेवून ती कठड्यावर कदापि ठेवू नये. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग जाडी वाळू हे मिश्रण पुरते. दर दोन-तीन वर्षांनी, पाऊस स्थिरावल्यावर, झाड बाहेर काढून कडेची गुंतलेली मुळे कापावीत व नवी माती घालावी. खरेदीसही जुलैअखेर ते सप्टेंबर हाच काळ चांगला, म्हणजे पुढील लू येण्यापूर्वी झाड मुळे धरते. तत्पूर्वी हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची सुंदर नर्सरी एकदा पाहून यावी. तेथील बोन्साय पाहिले म्हणजे थोड्या मातीत वृक्ष किती वर्षे नांदू शकतो याची खात्री पटते.

शेवटचा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मे महिन्यात पाणी कोण घालणार? शाळांना सुट्टी लागते, घरास कुलूप लागते, कुटुंब गावी जाते आणि नेमकी त्याच वेळी लू वाहते. दिल्लीतील मराठी घरांची झाडे याच महिन्यात सर्वाधिक दगावतात, असा आमचा अनुभव आहे. ज्यांचे जाणे अटळ आहे, त्यांनी चाफा आणि अडेनियम यांवर समाधान मानावे आणि निघताना कुंड्या सावलीत सरकवून ठेवाव्यात. बकुळ वा कुंती हवी असेल, तर शेजार जोडावा. गेली पन्नास वर्षे या मंडळाचे सभासद एकमेकांच्या घरच्या आजारपणात, लग्नकार्यांत धावून गेले आहेत. एकमेकांच्या किल्ल्या ठेवून घेऊन दीड महिना पाणी घालणे त्यांस जड जाऊ नये. येत्या मे महिन्यापूर्वी वसाहतवार अशी यादी मंडळाने करावी, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.