वाफसा पाडव्याचा, तयारी दिवाळीची



दसरा झाला, की न्यू जर्सीत आणि आसपासच्या राज्यांत राहणारी आपली मंडळी परसबागेकडे पाठ फिरवतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर कधीतरी पहिलं दंव पडतं. त्या एका रात्रीत भेंडी काळी पडते, दुधीचा वेल मान टाकतो. मग घरात फराळाची गडबड सुरू होते आणि वाफा आहे तसा मार्चपर्यंत पडून राहतो. आज मला आग्रहानं सांगायचं आहे, की पुढच्या वर्षीच्या भाजीचं निम्मं काम याच चार-पाच आठवड्यांत करायचं असतं. ते वसंतात करू म्हटलं, तर जमीन करू देत नाही.

आपल्याकडे मशागत उन्हाळ्यातली. नांगरट करून ठेवायची, वैशाखाच्या उन्हात ढेकळं तापू द्यायची, वळवाच्या सरीनं ती फुटतात आणि मृगाला रान तयार असतं. पेरणीच्या आधीचे महिने कोरडे, ही सवय आपल्या अंगात मुरलेली. इथे पेरणीच्या आधीचे महिने ओले असतात. बर्फ वितळतं, वर थंड पाऊस पडतो आणि खालचा थर अजून गोठलेला असला तर पाण्याला मुरायला वाट राहत नाही. एप्रिल उजाडला तरी जमिनीला वाफसा येत नाही. मार्चमध्ये मूठभर माती घेऊन वळून पाहा. लाडू वळला आणि बोटानं टोचल्यावर फुटला नाही, तर त्या मातीला खुरपंसुद्धा लावू नका. ओल्या चिकण मातीत काम केलं, तर तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबतात आणि उन्हाळाभर ती घट्टच राहते.

गादीवाफ्याची खरी किंमत इथे कळते. फळ्यांच्या चौकटीत वीत-दीड वीत उंच असलेल्या वाफ्यातलं पाणी लवकर निथळतं. ओली माती तापायला कोरडीपेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणून निथळलेला वाफा भोवतालच्या जमिनीच्या आधी ऊब धरतो. पण हा फायदा मिळतो तो वाफा आधीच तयार असेल तरच. मार्चमध्ये त्यावर खताच्या गोण्या रिकाम्या करायच्या आणि फावड्यानं उलथापालथ करायची असेल, तर हातात आलेले दिवस तिथेच संपतात.

आता काय करायचं ते सांगतो. दंवानं मेलेली झाडं उपटू नका, मातीलगत कापा. घेवडा, गवार, वाटाणा यांची मुळं तर आतच राहू द्या. ती कुजतात आणि त्यांच्या वाटेनं हवा-पाणी खाली जातं. टोमॅटोच्या पानांवर करपा असेल, तर ती झाडं मात्र घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, बागेबाहेर काढा. घरच्या ढिगात तो रोग मरण्याइतकी उष्णता क्वचितच तयार होते.

मग माती तपासून घ्या. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, इतर राज्यांतही अशी सोय असते. सामू कमी निघाला, म्हणजे माती आम्ल असली, तर चुना घालावा लागतो आणि चुन्याला काम करायला महिने लागतात. आत्ता घातलेला चुना वसंतापर्यंत लागू पडतो. घर जुनं असेल आणि वाफा भिंतीलगत असेल, तर शिसंही तपासायला सांगा. 1978 सालापर्यंत अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं असे आणि पोपडे पडून ते मातीत उतरतं. मुलांच्या ताटात जाणारी पालक त्या मातीतली आहे, म्हणून एवढी काळजी घ्यायचीच.

खताच्या बाबतीत आपला हात फार सैल असतो. शेणखत म्हणजे चांगलंच, जितकं जास्त तितकं बरं, असं आपण धरून चालतो. वर्षानुवर्षं जाड थर घातलेल्या वाफ्यात फॉस्फरस साचतो आणि पावसाबरोबर ओढ्यात जातो. मुरलेल्या वाफ्याला दर वर्षी इंचभर कंपोस्ट पुरतं. चार फूट बाय आठ फुटांचा वाफा असेल, तर ते पावणेतीन घनफुटांच्या आसपास होतं, म्हणजे घनफुटाच्या तीन गोण्या. ते खणून मिसळायची गरज नाही. वर पसरा, गांडुळं ते खाली नेतात. कच्चं शेण मिळालं तर ते घालायचा काळ हाच. मातीला टेकणारी भाजी काढायच्या किमान 120 दिवस आधी कच्चं शेण जमिनीत गेलेलं असावं, असा इथल्या सेंद्रिय शेतीचा नियम आहे.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाफा उघडा ठेवू नका. हिवाळ्यातला पाऊस उघड्या मातीवर पापुद्रा धरवतो आणि अन्नद्रव्यं धुऊन नेतो. आच्छादनासाठी लागणारा पालापाचोळा या दिवसांत प्रत्येक अंगणात पडलेला असतो आणि लोक तो गोळा करून रस्त्याच्या कडेला ढीग लावतात. तो तुमचा समजा. मेपलची अख्खी पानं थरावर थर चिकटून बसतात आणि खाली हवा जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांच्यावरून गवत कापायचं यंत्र दोनदा फिरवा. तो चुरा चार-सहा इंच पसरा. काळ्या अक्रोडाची पानं मात्र कटाक्षानं वगळा. त्यांतल्या जुग्लोन नावाच्या द्रव्यानं टोमॅटो, वांगी, मिरची सुकतात.

हिरवळीच्या खताबद्दल बरेच जण विचारतात. इथले शेतकरी राय पेरतात आणि ती थंडीत उत्तम तगते. तिची अडचण एप्रिलमध्ये कळते. तिची मुळं इतकी दाट होतात, की लाकडी चौकटीत, ट्रॅक्टरशिवाय, ती मोडताना कंबर जाते. घरच्या वाफ्यात मी ओट पेरायला सांगेन. सप्टेंबरच्या पूर्वार्धात पेरले, की थंडी कडक होईपर्यंत वाढतात, मग मरून आडवे होतात आणि त्यांचंच आच्छादन होतं. यंदा ती वेळ गेली, तेव्हा पाचोळाच घाला.

फळ्यांचे कोपरे सैल झाले असतील तर आत्ताच आवळा. माती गोठताना फुगते आणि चौकट ढकलते. जुनी लाकडं आणून नवी चौकट करत असाल तर जपा. 2003 अखेरपर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिक असलेलं रसायन पाजलेलं असे. रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत, त्यांत क्रिओसोट असतं.

एका वाफ्यात लसूण लावाच. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, पाकळीचं मूळ खाली, टोक वर, दोन इंच खोल, सहा इंच अंतरावर. वर पाचोळा. त्याला थंडी लागतेच, त्याशिवाय गड्डा नीट भरत नाही. जुलैमध्ये काढणी होते.

आणि मार्चमध्ये? पेरणीच्या दोन आठवडे आधी पाचोळा बाजूला सारा आणि मातीला ऊन लागू द्या. इथे 17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी वाटाणा पेरायची रीत आहे. आपला पाडवाही त्याच सुमाराला किंवा थोडा पुढे येतो. वाटाणा आणि पालक तेव्हा जातात, मेथी एप्रिलमध्ये. पाचोळा ओळींच्या मधे पुन्हा ओढून घ्या. भेंडी, गवार, मिरची यांची घाई करू नका. शेवटचं दंव मेच्या पहिल्या आठवड्यातही पडू शकतं, त्यामुळे त्यांची वेळ मेच्या मध्यानंतर, रात्री उबदार झाल्या की.