हात चाकावर, चित्त फोनवर

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त वाहनचालक व त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)

संध्याकाळची वेळ असते. घाट उतरून आलेला मालट्रक गावाजवळच्या वळणावर येतो. चालकाच्या खिशातला फोन वाजतो. पडद्यावर घरचे नाव असते. न घ्यावा तर घरी काळजी. घ्यावा तर दोनच शब्द बोलावयाचे असतात. तो फोन कानाला लावतो. पलीकडून विचारणा होते, "जेवायला पोहोचणार ना?" विचारणाऱ्याच्या मनात मायेखेरीज दुसरे काही नसते. उत्तर देणाऱ्याच्या मनातही कोणाचे वाईट नसते. त्याच वेळी वळणापलीकडे शिकवणीहून परतणारा एखादा मुलगा सायकल हाती धरून रस्ता ओलांडीत असतो. पुष्कळदा तो वाचतो. कधीतरी वाचत नाही.

रस्त्यावरील शिस्तीचा विचार येथूनच सुरू करावयास हवा. वाहतुकीचे नियम मोडणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. तो चारचौघांसारखा, संसारी, घाईत असलेला माणूस असतो. तांबडा दिवा ओलांडताना, वळसा वाचविण्यासाठी उलट दिशेने गाडी घालताना किंवा फोन कानाला लावताना "एवढ्याने काय होते?" असे तो मनाशी म्हणतो. बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. नियम मोडूनही सुखरूप घरी पोहोचल्याचा प्रत्येक अनुभव त्याला चुकीचा धडा देतो. तो धडा पाठ झालेला असतो, तेव्हाच एके दिवशी हिशेब चुकतो.

आकड्यांची साक्ष

हा हिशेब किती वेळा चुकतो, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालावरून दिसून येते. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दर तासाला सरासरी १९ माणसे. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी ३३,३८३ अपघातांत १५,२२४ जणांनी प्राण गमावले. म्हणजे राज्यात दररोज चाळिसांहून अधिक घरांवर दुःख कोसळले. देशातील मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. मिळवते हात असतात ते याच वयाचे.

नियमभंगाच्या प्रकारांनुसार पाहिले तर सर्वांत मोठा वाटा अतिवेगाचा आहे. त्यापायी त्या वर्षी १,१९,९०४ जण दगावले. उलट दिशेने वाहन चालविल्यामुळे ९,०९४, मद्यपान करून चालविल्यामुळे ४,२०१, वाहन चालविताना भ्रमणध्वनी वापरल्यामुळे ३,३९५ आणि तांबडा दिवा न जुमानल्यामुळे १,४६२ मृत्यू नोंदले गेले.

भ्रमणध्वनीपायी झालेल्या मृत्यूंचा आकडा इतरांच्या मानाने लहान वाटेल. परंतु तो वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मद्याचा अंश रक्तात सापडतो, उलट दिशेने आलेली गाडी तशीच उभी राहिलेली दिसते. पण अपघाताच्या क्षणी चालकाचे चित्त कोठे होते, याची खूण रस्त्यावर उरत नाही. फोन आसनाखाली जाऊन पडतो आणि पंचनाम्यात 'भरधाव वेग' एवढेच लिहिले जाते. ज्या फोनमुळे ब्रेक उशिरा दाबला गेला, त्याचा उल्लेख पुष्कळदा कागदावर येतच नाही.

पाच सेकंद आणि शंभर मीटर

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. आलेला संदेश वाचण्यासाठी चालकाची नजर पाच सेकंद जरी खाली वळली, तरी तेवढ्यात गाडी १०० मीटर पुढे गेलेली असते. एस. टी.च्या सुमारे आठ गाड्या एकामागोमाग उभ्या केल्या म्हणजे जेवढी लांबी भरेल, तेवढा रस्ता चालक डोळे झाकून पार करतो. डोळे झाकून तेवढी गाडी चालविण्यास कोणीही शहाणा चालक धजणार नाही. फोन हाती असला म्हणजे मात्र तेच तो निर्धास्तपणे करतो.

डोळे रस्त्यावर आणि हात चाकावर असले म्हणजे धोका टळला, असेही समजण्याचे कारण नाही. १९९७ साली कॅनडातील टोरोंटो येथील दोन संशोधकांनी भ्रमणध्वनी बाळगणाऱ्या आणि अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या देयकांचा अभ्यास केला. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यांना आढळले. फोन हातात न धरता बोलण्याची सोय असलेल्या चालकांनाही त्या सोयीमुळे अधिक सुरक्षितता लाभल्याचे त्यांना दिसले नाही.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. चालकाच्या शेजारी बसलेला माणूस गप्पा मारीत असला, तरी समोर बैलगाडी आली की तो बोलता बोलता थांबतो. कधी "जपून हो" असेही म्हणतो. त्याचेही डोळे त्याच रस्त्यावर असतात. फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला ना बैलगाडी दिसते, ना वळण. तो बोलतच राहतो. त्याला उत्तर देण्यासाठी चालकाला मनाने रस्ता सोडून त्याच्या घरात, दुकानात किंवा कचेरीत जावे लागते. शरीर गाडीत, पण मन पन्नास कोस दूर, अशी स्थिती होते. समोरचे दिसते, पण उमजत नाही; आणि उमजेपर्यंत ब्रेक दाबण्याची वेळ निघून गेलेली असते.

कायदा कोठवर पोहोचतो?

आपल्या देशात मोटार वाहनांसाठी १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन वेळा कायदे झाले. यांपैकी कोणताही कायदा लिहिला जात असताना चालकाच्या खिशात फोन असेल, अशी कल्पना कोणाच्या मनात नव्हती. देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्ता आणि दिल्ली या शहरांदरम्यान. पुढे हे साधन इतक्या वेगाने घरोघरी पोहोचले की, कायद्याला त्याच्या मागून धावावे लागले.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना स्पष्ट सूचना दिल्या. अतिवेग, तांबडा दिवा ओलांडणे, मद्यपान करून वाहन चालविणे आणि चालविताना भ्रमणध्वनी वापरणे यांसारख्या गुन्ह्यांत चालकाचा परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावा, असे समितीने सांगितले. त्यानंतर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात व्यापक दुरुस्ती झाली. हातात धरावयाच्या संपर्क साधनाचा वापर, तांबडा दिवा ओलांडणे आणि वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने वाहन चालविणे यांचा समावेश कलम १८४ खालील धोकादायक वाहन चालविण्याच्या गुन्ह्यात करण्यात आला. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तीन वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा घडल्यास कारावास दोन वर्षांपर्यंत आणि दंड दहा हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

कायदा कठोर झाला, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. चौकाचौकांत बसविलेले कॅमेरे आणि ई-चलन यांमुळे नियमभंग पूर्वीसारखा सहज लपत नाही. तथापि कायद्याला मर्यादा आहेत. कॅमेऱ्याला हात दिसतो, चित्त दिसत नाही. कानात यंत्र खोचून बोलणाऱ्या चालकाचे दोन्ही हात चाकावर असतात. त्याचे मन कोठे आहे, हे कोणता शिपाई पाहणार? शिवाय प्रत्येक वळणावर पोलीस उभा करणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. चलनाची रक्कम भरून टाकली म्हणजे चुकीची भरपाई झाली, असा समजही काही मंडळींनी करून घेतलेला आहे. ज्या घरातला माणूस रस्त्यावरून परत आला नाही, त्या घराची भरपाई कोणत्याही चलनाने होत नाही.

फोनचे दुसरे टोक

प्रत्येक संभाषणाला दोन टोके असतात. एका टोकाला चालक असतो. त्याला दंड होतो, त्याचा परवाना निलंबित होतो. दुसऱ्या टोकाला फोन करणारा असतो. त्याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

वास्तविक कायद्याने या दिशेने पाऊल टाकलेले आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला अथवा वाहनमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. धोकादायक वाहन चालविण्यास चिथावणी अथवा प्रोत्साहन देणाऱ्यालाही चालविणाऱ्याइतकीच शिक्षा कलम १८८ मध्ये सांगितलेली आहे. गाडीवर असलेल्या माणसाला घरून प्रेमाने फोन करणारी व्यक्ती या कलमाखाली गुन्हेगार ठरणार नाही, हे उघड आहे. पण चाकामागे जो बसतो त्याच्याखेरीज इतरांचीही जबाबदारी असते, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते.

मालवाहतुकीच्या धंद्यात "कोठवर आलास?" असे दर अर्ध्या तासाने विचारणारा मालक, पोहोचविण्याच्या वेळेचा तगादा लावणारी कचेरी, दुचाकीवरून घरपोच जिन्नस आणणाऱ्या तरुणाला "अजून किती वेळ?" म्हणून पुनःपुन्हा फोन करणारा ग्राहक, आणि ताट वाढून वाट पाहणारे घर, या सर्वांचा चालकाच्या चित्तावर भार पडतो. यांतील कित्येक चालकांची रोजीरोटीच फोनवर अवलंबून असते. फोन टाळला तर काम जाईल, ही भीती त्यांना असते. अशा माणसाला केवळ संयमाचा उपदेश करणे अन्यायाचे होईल. संयम दोन्ही टोकांनी पाळावयास हवा.

साधे उपाय

यासाठी खर्चिक योजनेची आवश्यकता नाही. फोन करणाऱ्याने पहिला प्रश्न "गाडीवर आहेस का?" असा विचारावा, आणि उत्तर होकारार्थी आले की दुसरा शब्द न बोलता फोन ठेवावा. वाहनमालकांनी चालकाच्या विश्रांतीच्या जागा व वेळा आधी ठरवाव्यात आणि विचारपूस त्याच वेळी करावी. चालत्या गाडीत फोन न घेतल्याबद्दल कोणत्याही चालकाला बोल लावला जाणार नाही, असा नियम प्रत्येक धंद्यात व्हावा.

चालकांनीही निघण्यापूर्वी घरी सांगून ठेवावे. रस्ता पाहण्यासाठी फोनचा वापर करण्यास, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, २०२० पासून नियमांत मुभा देण्यात आलेली आहे. पण मुक्कामाचे ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वीच नोंदवून घ्यावे. सोबत माणूस असेल तर फोन त्याच्याकडे द्यावा. बोलणे अगदीच निकडीचे असेल तर पेट्रोल पंप, ढाबा किंवा थांब्याची सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी आणि मग खुशाल बोलावे. महामार्गाच्या कडेला अंधारात गाडी थांबविणे हा उपाय नव्हे. तो दुसरा अपघात होय.

घरातील मुलांचे याकडे बारीक लक्ष असते, हेही विसरता येणार नाही. वडील एका हाताने चाक धरून फोनवर बोलतात, हे मागच्या आसनावरून पाहणारा मुलगा उद्या तेच करणार आहे. त्याचप्रमाणे, वाजणारा फोन तसाच ठेवून रस्त्याकडे पाहणारा बापही त्याच्या लक्षात राहतो.

त्या वळणावर आलेल्या ट्रकचा फोन आज संध्याकाळीही वाजेल. पलीकडे माया असेल, काळजी असेल, वाढलेले ताट असेल. त्या मायेने एवढेच म्हणावे, "गाडीवर आहेस ना? ठेवते. थांबलास की बोल." जेवण थोडे गार होईल. पण शिकवणीहून निघालेला तो मुलगा सायकल घेऊन आपल्या घरी पोहोचेल, आणि चालकही आपल्या.